दोन फौजांची भाकर

माघ सरत आला की यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पऱ्हाटीच्या ट्रॉल्या दिसू लागतात. कापूस वेचून संपलेला असतो, झाडांच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात, आणि त्या उपटून, भारे बांधून कुणीतरी चुलीसाठी घरी नेत असतं. परवा अशीच एक ट्रॉली आमच्या एस.टी.पुढे डुलत चालली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कावला होता आणि मी खिडकीतून भाऱ्यातली एकेक काडी निरखत होते. ही सरळ आहे, हिची तलवार होईल. ती बुंध्याशी वाकलेली, तिला मूठ छान येईल. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय पाहून राह्यल्या एवढं?" सत्तरी ओलांडलेली बाई तलवारी निवडते आहे, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. "काही नाही, पऱ्हाटी चांगली वाळली आहे," एवढंच म्हणाले.

त्या दिवसांना पंचांगात वेगळं नाव नाही. थंडी पुरती गेलेली नसते आणि ऊन अजून अंगावर यायला लागलेलं नसतं. सकाळी खळ्यावरून तुरीच्या कुटाराची, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाची धूळ उडते, ती मानेत शिरते आणि दिवसभर खाजवते. संध्याकाळी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा मिळतात. पळसाची पानं गळून गेलेली असतात आणि फांद्यांना काळ्या कळ्या धरलेल्या असतात. वावरं मोकळी होतात, म्हणजे पोरांना धावायला अख्खं शिवार मोकळं. मोठ्यांच्या लेखी तो हंगाम संपण्याचा काळ होता. आमच्या लेखी तो लढाईचा हंगाम होता, आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका वर्षी, मी चौथीत असताना, तो असा काही रंगला की नंतरचे सगळे हंगाम मला थोडे फिकेच वाटत आले आहेत.

आमचं गाव आर्णीच्या अलीकडे, अरुणावतीच्या काठी. गावापासून हाकेच्या अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा. गाव आणि तांडा यांच्या मधोमध आखर, म्हणजे चरायला निघण्याआधी सगळी गुरं जमतात ती मोकळी जागा. गुरं गेली की आखर रिकामं, आणि रिकामं आखर आमचं रणांगण.

त्या साली शाळेत नवे गुरुजी आले होते. चारही वर्गांना मिळून एक खोली आणि एकच गुरुजी. अंगाने काडीपहिलवान, विंचू दिसला की टेबलावर चढणारे. पण लढायांचं त्यांना भारी वेड. फळ्यावर हत्ती काढायला लागले की पहिलीची पोरंसुद्धा पाटी खाली ठेवून बघत बसायची. हत्ती झाला की रथ, रथ झाला की त्याची चाकं चिखलात कशी रुततात ते. ग्रीक लोक माणसाच्या तिप्पट लांब भाले घेऊन रांगेत कसे चालत, एक पडला की मागचा पुढे कसा येई. रोमन शिपाई डोक्यावर नि बाजूंना ढाली जुळवून कासव कसं करीत. हत्ती घाबरला की उलटा फिरून आपल्याच फौजेला कसा तुडवतो. आपल्याकडचे डोंगरातले शिपाई समोरासमोर न भिडता वाट अडवून कसे बसत. गुरुजींचा एकच नियम होता. लढाई आधी लढायची, मग वहीत लिहायची.

त्यामुळे दुपारी जो धडा व्हायचा, तो संध्याकाळी आखरावर लढला जायचा. तलवार पऱ्हाटीची, भाला तुराटीचा. तुराटी म्हणजे तुरीची वाळकी काडी, हलकी, सरळ आणि उंच, भाल्यासाठीच उगवल्यासारखी. ढालींचं मात्र अडलं. मग कुणाला तरी सुचलं की सूप काय वाईट आहे. आणि ज्या आठवड्यात गावातल्या घराघरात तुरी पाखडणं चाललं होतं, त्याच आठवड्यात गावातली सगळी सुपं कासवाच्या पाठीवर जाऊन बसली.

ते रोमन कासव मला अजून दिसतं. पंधरावीस पोट्टे सुपांखाली दबून, पावलं जुळवत, शत्रूच्या ढेकळांचा मारा झेलत पुढे सरकत होते. गुरुजी बाजूने "शाबास, फट ठेवू नका" म्हणत चालले होते. तेवढ्यात माझी आई आली. पदर खोचलेला, केसांत कुटार. तिने कासवाच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "याच्यात माहं सूप कोणतं हाये?"

कासव थांबलं.

"हे समद्या गावाचे सुपं हायेत की काय? अन् गुरुजी, तुम्ही पाहून राह्यले?"

गुरुजी पळसाच्या कळ्या पाहायला लागले. आईने एकेक सूप उचलून, उलटं करून, कोपऱ्यातला शेणाचा सारवा पाहून आपलं ओळखलं. तिच्यामागून आणखी बाया आल्या. जे काम भल्याभल्या शत्रूंना जमलं नसेल ते त्यांनी हां हां म्हणता केलं. कासवाचं कवच उतरलं आणि आत नुसते शेंबडे शिपाई उरले. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही फुटक्या टोपल्या वापरायला लागलो.

गफूर एका फौजेचा सेनापती होता. त्याचे वडील पिंजारी. थंडीच्या दिवसांत त्यांच्या दारात कापूस पिंजायच्या धनुकलीचा टंग टंग आवाज चाललेला असायचा आणि घरातल्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. गुरुजींनी एकदा सांगितलं की आपल्याकडे फार शिपायांना लोखंडी चिलखत परवडत नसे, ते कापडाच्या थरांत कापूस ठासून जाड अंगरखा शिवत, आणि बाण त्यात अडकून बसत. गफूर दुसऱ्याच दिवशी जुन्या गादीची खोळ घालून आला. आत खराब कापूस ठासलेला, हात बाजूला सरळ उभे राहिलेले, आणि चेहरा घामाने निथळत असलेला. त्याला कुणी मारलं तरी लागत नव्हतं आणि त्यालाही कुणाला मारता येत नव्हतं. आम्हाला मात्र त्या धड्याचा फार अभिमान वाटला. आपल्या वावरातला कापूस पूर्वी लढाईवरसुद्धा जायचा, ही गोष्ट मी घरी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली.

दुसऱ्या फौजेचा सेनापती माझा चुलतभाऊ दत्तू. त्याच्याकडे हत्ती होता. दोन पोती शिवून केलेला, वर पोळ्याची झूल, आणि पुढे फाटक्या मोटेची चामड्याची सोंड. पुढचे पाय पाटलांच्या विमलला मिळाले, कारण झूल त्यांच्या घरची. मागचे पाय मी. हत्तीचे मागचे पाय होणाऱ्याला लढाई दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येते, आणि तीही पोत्यातून. इतिहासातल्या बहुतेक माणसांना आपली लढाई अशीच कळली असणार, असं मला आता वाटतं.

आणि जमनी.

जमनी तांड्यावरची. शाळेत माझ्या शेजारी बसायची. तिच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या होत्या, त्यामुळे तिने पाटीवर नुसतं एक अक्षर काढलं तरी वर्गाला कळायचं. शेण काढून, गुरांना पाणी दाखवून मग ती यायची, म्हणून तिला सगळीकडे उशीर. आणि आमच्या फौजांचा कायदा होता की उशिरा येईल त्याने मेलेलं व्हायचं. जमनी रोज मेलेली. ती आखरावर उताणी पडून राहायची आणि पडल्यापडल्या सल्ले द्यायची. "गफूर, तुह्या मांगं पाह्य. दत्तू, हत्ती वाकडा चालून राह्यला." मेलेल्या माणसाने बोलू नये असं दत्तू म्हणायचा. ती म्हणायची, "मंग मारू नका मले."

तिची शाळा कायमची सुटायची वेळ जवळ आली होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणार होता. तो गेला की घरचे बैल जमनीकडे. तिचे वडील रामसिंगकाका यांनी गुरुजींना शाळेच्या दारात उभं राहून सरळ सांगितलं होतं, "पोरगा हाये तवरक येईन पोट्टी. मंग बैल कोण चारन?" गुरुजींनी दोनदा तांड्यावर खेपा घातल्या. रामसिंगकाकांनी त्यांना चहा पाजला, खाटेवर बसवलं, आणि तेच उत्तर दिलं. मी रोज सकाळी जमनीला पहिला प्रश्न हाच विचारायची, "भाऊ हाये का अजून?" ती मान डोलवायची आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा. जमनीशिवायची शाळा मला नको होती, इतकं ते साधं होतं.

एका दुपारी गुरुजी किल्ल्याचा वेढा शिकवत होते. फळ्याच्या मधोमध किल्ला आणि भोवती फौजच फौज. हत्ती, घोडे, उंट, तंबू, खडू संपेपर्यंत. जमनीने हात वर केला. बांगड्या खळखळल्या.

"गुरुजी, हे समदे खातेत काय?"

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते हात झटकून टेबलाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "आता खरा धडा सुरू झाला." मग त्यांनी सांगितलं की फौज एखाद्या ठिकाणी बसली की आजूबाजूच्या गावांतलं धान्य बघता बघता संपतं. उपाशी फौज न लढताच घरी जाते. एका हत्तीला किती लागतं याचा नुसता विचार करा. मग हे धान्य यायचं कुठून? तर बंजारे आणायचे. शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोण्या, बरोबर बायका, पोरं, कुत्री, सगळा संसार. मैलोन्‌मैल चालत तांडे फौजेपर्यंत धान्य पोचवायचे. "आणि जुनी माणसं सांगतात," गुरुजी म्हणाले, "की तांड्याची गरज दोन्ही बाजूंना असायची. म्हणून तांडा वाटेने निघाला की दोन्हीकडचे शिपाई बाजूला व्हायचे. त्याला कुणी हात लावायचा नाही."

जमनी फळ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "आमचे लोक?"

"तुझेच पणजे-खापरपणजे," गुरुजी म्हणाले.

त्या संध्याकाळी ती उशिरा आली आणि दत्तूने तिला पडायची जागा दाखवली. ती म्हणाली, "मी आज मरणार नाई. मी तांडा हाये." दत्तूने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी तिथल्या तिथे कायदा केला. ज्या फौजेला दिवस मावळायच्या आत भाकर पोचणार नाही ती हरली, आणि तांड्याला हात लावेल ती दुप्पट हरली. तेव्हापासून जमनी डोक्यावर टोपलं घेऊन, दोन काठ्यांचे दोन बैल हाकत, दोन्ही फौजांमधून ऐटीत फिरू लागली. मरणातून उठलेलं माणूस इतकं खूश मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढे नोकरीत असताना मुलांच्या सहली घेऊन मी कितीतरी किल्ल्यांवर गेले. सगळे तोफेवर बसून फोटो काढायचे. मी धान्याचं कोठार शोधत हिंडायची. एका वाटाड्याने मला विचारलं होतं, "बाई, तिथं काय बघायचं, नुसत्या भिंती आहेत." त्या नुसत्या भिंतींपाशी उभं राहिलं की मला टोपलं दिसतं, बांगड्या ऐकू येतात, आणि भूकही लागते.

तर मग तपासणीचा दिवस आला. शाळा तपासणाऱ्या साहेबांना गावात सगळे डिप्टी म्हणायचे. ते शनिवारी सकाळी येणार असा निरोप आला आणि गुरुजींनी ठरवलं की त्यांना पाढे ऐकवायचे नाहीत, लढाई दाखवायची. घरोघरी सांगितलं की प्रत्येकाने एक भाकर द्यावी. पळसाखाली खुर्ची मांडली. त्या आठवड्यात कळ्या फुटल्या होत्या आणि खुर्चीच्या आजूबाजूला केशरी फुलं पडली होती.

जमनी आली ती खऱ्या बैलांसकट. पाठीवर कुटाराने भरलेल्या गोण्या, गळ्यात घंटा. दोन्ही फौजांनी आनंदाने आरोळी ठोकली. मी पोत्यातून डोकं काढून हसत विचारलं, "हे खरे बैल कसे आणले वं?"

"भाऊ पहाटंच गेला दिग्रसले," ती म्हणाली. "आज बैल माह्याच मांगं हायेत. सोमवारपासून येणं नाई." आणि भाकरींचं टोपलं डोक्यावर नीट बसवून पुढे गेली. त्या टोपल्यात एका कडेला वेगळ्या फडक्यात तिच्या वडिलांची शिदोरी बांधलेली होती. लढाई झाली की ती वावरात पोचवायची होती. मी पुन्हा पोत्यात शिरले. आत अंधार होता ते बरं झालं, कारण मला रडू आलं होतं, आणि रडणारा हत्ती डिप्टी साहेबांना दाखवणं बरं दिसलं नसतं.

लढाई सुरू झाली. पहिल्यांदा सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. भाल्यांची रांग आली, कासव आलं, गफूरचं चिलखत आलं. साहेब मान हलवत होते आणि गुरुजी हळू आवाजात त्यांना समजावत होते. मग कुणाची तरी तुराटी गफूरच्या कानाला लागली. गफूरने खोळ काढून फेकली. खोळ काढलेला गफूर म्हणजे हात मोकळे झालेला गफूर. त्याने दत्तूला तलवार खरोखरची मारली. दत्तूने परत मारली. हत्तीचे पुढचे पाय घाबरून उलटे फिरले आणि मागचे पाय अर्थातच सरळ चालत राहिले, आणि आम्ही दोघी आपल्याच फौजेवर जाऊन कोसळलो. पोत्याच्या भोकातून मला दिसली ती नुसती धूळ आणि पाय, आणि गुरुजींची शिट्टी कुणी ऐकत नव्हतं. ती लढाई आता धड्यातली राहिली नव्हती.

तेवढ्यात घंटांचा आवाज आला. शांत, एका लयीत. जमनी दोन बैल घेऊन सरळ त्या गर्दीत शिरत होती. तिने कुणाला ओरडून बाजूला केलं नाही. पोरं आपोआप सरकली. तांड्याला हात लावायचा नाही, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की भांडणाच्या भरातही कुणी ते विसरलं नाही. ती गफूर आणि दत्तू यांच्या बरोबर मधोमध आली आणि थांबली.

"चाल नं पुढं," गफूर कान धरून म्हणाला.

"नाई."

"काहून?"

"बैल थकले," जमनी म्हणाली. "तांड्याचा मुक्काम हाये इथं." आणि तिने टोपलं खाली ठेवलं, बैलांच्या सावलीत फतकल मारली, फडकं सोडलं.

कायदा असा होता की तांड्याला हात लावायचा नाही. तांडा मधोमध बसल्यावर लढायचं कसं, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. दोन्ही फौजा हत्यारं घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. आणि त्यात भाकरींचा वास सुटला. पहिल्यांदा भाल्यांची रांग बसली. मग कासव बसलं. मग दत्तू बसला, आणि शेवटी गफूरही, पण पाठ फिरवून. जमनी दोन्हीकडे सारख्या भाकरी वाटत होती, बरोबर कुणाच्या तरी घरचा ठेचा. फौजा जेवायला लागल्या की इतक्या गप्प होतात, हे मला तेव्हा कळलं.

हत्तीला यायला उशीर झाला. आम्ही पोत्यातून सुटून येईपर्यंत फौजेच्या भाकरी संपल्या होत्या. जमनीने माझ्याकडे पाहिलं, माझं तोंड रडून सुजलेलं होतं. तिने दुसऱ्या फडक्याची गाठ सोडली आणि आतली जाड भाकर मोडून अर्धी विमलला, अर्धी मला दिली. वर तुरीच्या दाण्यांची तिखट भाजी. ती भाकर कुणाची आहे हे मला ठाऊक होतं. मी खाल्ली. एवढी चांगली भाजी मी नंतर कुठे खाल्लेली नाही.

साहेब खुर्चीवरून उठून जवळ आले होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि गुरुजींना विचारलं, "यात जिंकलं कोण?"

गुरुजी उत्तर द्यायच्या आत मागून दुसराच आवाज आला. "जमनी, माही बाटी कुठं हाये?"

रामसिंगकाका आखराच्या कडेला उभे होते. उंचेपुरे, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर कुऱ्हाड. सकाळपासून पऱ्हाटी उपटून हात सोललेले. भाकर आली नाही म्हणून ते वावरातून चालत आले होते. जमनी उठून उभी राहिली. बाटी म्हणजे भाकर, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्या फौजेने एकदम माझ्याकडे पाहिलं. मी शेवटचा घास गिळत होते.

"हत्तीनं खाल्ली," जमनी म्हणाली.

रामसिंगकाकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. अंगावर अर्धं पोतं होतं. "लहानच हाये हत्ती," ते म्हणाले. "पण भूक बराबर हाये."

साहेब खूप हसले. मग त्यांनी आपला डबा मागवला आणि रामसिंगकाकांना पळसाखाली बसवलं. काका नको नको म्हणाले, पण पुऱ्या पाहून बसले. गुरुजी शेजारी बसले. आम्ही सगळे ऐकू येईल इतक्या अंतरावर, न ऐकल्यासारखं करत उभे होतो.

"मुलगी तुमची हुशार आहे," साहेब म्हणाले.

"हुशार हाये साहेब. पण हुशारीनं बैलाचं पोट भरत नाई."

गुरुजींनी मग आज काय झालं ते सांगितलं. तांडा, गोण्या, दोन फौजा, बाजूला होणारे शिपाई. रामसिंगकाका पुरी हातात धरून ऐकत राहिले. "माहा आजा सांगे हे," ते सावकाश म्हणाले. "बैलाच्या पाठीवर लादून कुठच्या कुठं जात. मले वाटे, म्हातारा बढाया मारून राह्यला." मग त्यांनी विचारलं, "हे पुस्तकात हाये?"

गुरुजींना खोटं बोलता आलं असतं. "नाही," ते म्हणाले. "चौथीच्या पुस्तकात राजे आहेत, सेनापती आहेत. हे नाही."

"मंग तुमाले कसं मालूम?"

"तुमच्याच तांड्याच्या नाईकांनी सांगितलं. दिवाळीत तांड्यावर आलो होतो तेव्हा. थोडं मीही इकडेतिकडे वाचलं."

"अन् तुमची बदली झाल्यावर पोट्ट्याइले कोण सांगन?"

गुरुजी जमनीकडे पाहत राहिले. रामसिंगकाकांनीही तिकडे पाहिलं. ती बैलांजवळ उभी होती, कासरा दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि बापाच्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्यासाठी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, त्यातलं अर्धं मी पाळलेलं नाही.

शाळेची घंटा झाली. पोरं रांगेत उभी राहायला लागली. जमनी हलली नाही, तिच्या हातात बैल होते. रामसिंगकाका पुरी संपवून उठले, पागोट्याच्या सोग्याने तोंड पुसलं, आणि तिच्यापर्यंत चालत गेले.

"दे इकडं," ते म्हणाले, आणि तिच्या हातातून कासरा काढून घेतला.

तिला आधी कळलं नाही. ती बैलांबरोबरच चालायला लागली.

"तू कुठं निंगाली? तिकडं जाय. बैल म्या पाहतो, होईन कसं तरी." मग बैल हाकत चार पावलं गेले आणि मागे न वळता म्हणाले, "सोमवारी माही बाटी पह्यले वावरात पोचवजो. मंग फौजेचं पाह्यजो."

जमनी बैलांच्या घंटा आखराच्या टोकापर्यंत जाईस्तोवर तिथेच उभी राहिली. हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं. मग ती पळत आली आणि रांगेत माझ्यापुढे घुसली, आणि उशीर झाला म्हणून तिला त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही.